पथ्याच्या ताटातलं मीठ: वाण्याच्या फळीवरच्या सात प्रकारांची पारख

पोटाचं पथ्य सुरू झालं की घरात गहू, दूध, कांदा-लसूण यांच्या जोडीने मीठही बदलतं. साध्या मिठाची बरणी मागे सरते आणि गुलाबी खड्यांची पुढे येते. ‘हलकं असतं, पचायला बरं’ हे कारण प्रत्येक जण सांगतो. गहू, दूध किंवा कांदा बंद करण्यामागे निदान वैद्यकीय कारण तरी असतं. मिठाच्या बदलामागे तसं काहीच नाही, आणि ताटात आयोडीनचा जो एकमेव खात्रीचा झरा उरला होता तोही त्यातून आटतो.

खालची पारख आयबीएससाठी (आतड्याची चिडचिड, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) कमी फॉडमॅप आहार (आतड्यात आंबून गॅस करणाऱ्या साखरा टाळणारा) घेणारे, सीलिएकमुळे (ग्लुटेनने लहान आतड्याला इजा होते तो विकार) ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, कायमचं सोडलेले आणि दूध न झेपणारे यांच्यासाठी आहे. किंमत आणि चव दुय्यम धरली आहे. पाहिल्या आहेत त्या दोन गोष्टी: पोटाला त्रास देणारं काही त्यात आहे का, आणि आयोडीन किती मिळतं.

आधी हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या बाईला २५०. याच संघटनेची मिठाची मर्यादा रोज ५ ग्रॅमच्या आत आहे. भारतात किरकोळ दुकानातल्या आयोडीनयुक्त मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असलं पाहिजे, म्हणजे ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. ५ ग्रॅम मिठातून झाले ७५. शिजवताना साधारण पाचवा हिस्सा जातो असं धरतात, तेव्हा हातात ६० राहतात. ३० पीपीएमचं ताजं पाकीट असेल तर त्याच ५ ग्रॅममधून १२० मिळतात. म्हणजे उत्तम मीठ, बेताने वापरलेलं, गरजेचा अर्ध्याहून थोडा कमी ते बराच मोठा भाग भागवतं. बाकीचा भाग दूध, अंडी, मासळी यांतून यायचा असतो, आणि पथ्यात नेमकी हीच यादी कापली जाते.

आपण किती मीठ खातो हे मोजायचं असेल तर नवं पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात एक किलो मीठ ५० दिवस टिकलं, तर माणशी ५ ग्रॅम झालं. २५ दिवसांत संपलं तर १० ग्रॅम. लोणच्यात गेलेलं, भांडी घासायला वापरलेलं आणि पाहुण्यांचं वजा करा. फार काटेकोर पद्धत नाही, पण ‘आम्ही मीठ कमीच खातो’ या समजुतीपेक्षा बरी.

आता फळीवरचा पहिला प्रकार: साधं, बारीक, आयोडीनयुक्त मीठ. निर्वात बाष्पीभवनाने तयार झालेलं, पांढरं, सुटं. १९८३ साली टाटांनी गुजरातेतल्या मिठापूरहून ते पाकिटात आणलं, आणि आज जवळपास प्रत्येक कंपनी याच जातीचं मीठ विकते. पाकिटाच्या मागे घटक तीनच दिसतात: खाण्याचं मीठ, पोटॅशियम आयोडेट आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून आयएनएस ५३६ किंवा ५५१. यात फॉडमॅप नाही, ग्लुटेन नाही, दुधाचा अंश नाही. पोटाच्या दृष्टीने याच्याइतकं निरुपद्रवी काही वाण्याकडे क्वचितच असेल.

आयएनएस ५३६ या आकड्यावरून मात्र दर वर्ष-दोन वर्षांनी मोबाइलवर भीती फिरते. तो पदार्थ पोटॅशियम फेरोसायनाइड, आणि नावात सायनाइड आहे म्हणून घबराट. त्यातलं सायनाइड लोहाला इतकं घट्ट बांधलेलं असतं की पोटात ते मोकळं होत नाही. परवानगी किलोला १० मिलिग्रॅमपर्यंत आहे. ५ ग्रॅम मिठातून जास्तीत जास्त ०.०५ मिलिग्रॅम जाईल. रोज घेतलं तरी चालेल अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा वजनाच्या दर किलोला ०.०२५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १.५ मिलिग्रॅम. तीस पट अंतर आहे. तरीही मन धजत नसेल तर ५५१, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड असलेलं पाकीट शोधा. त्यासाठी आयोडीन सोडायची गरज नाही.

या मिठाचं नुकसान होतं ते घरात आल्यावर. गॅसच्या शेजारी उघडी वाटी, आमटीच्या वाफेवर धरलेला ओला चमचा, खिडकीतलं ऊन. आपल्याकडे वापरतात ते आयोडेट, परदेशातल्या आयोडाइडपेक्षा दमट हवेत जास्त टिकतं. तरी कोकणातल्या श्रावणात उघडं मीठ पाझरायला लागलं की खारं पाणी तळाशी उतरतं आणि आयोडीन त्याबरोबर जातं. मग वरचं मीठ कमी आयोडीनचं आणि तळाचं जास्त. उपाय साधा: एक किलोऐवजी अर्धा किलोचं पाकीट, घट्ट झाकणाची बरणी, कोरडा चमचा, आणि मीठ शक्यतो आच बंद करताना. भाताच्या आधणात मीठ घालून वर पेज काढून टाकत असाल तर मीठ आणि आयोडीन दोन्ही मोरीत जातात.

निकाल: हेच घ्या. बाकीचे सहा प्रकार याच्या तुलनेत पाहायचे.

दुसरं शेंदेलोण, म्हणजे सैंधव, आणि त्याचा महागडा भाऊ ‘हिमालयन पिंक’. २०२५ मधल्या आयातबंदीपर्यंत गुलाबी खडे बहुतांशी पाकिस्तानातल्या पंजाबात खेवड्याच्या खाणीतून येत. रंग लोहाच्या ऑक्साइडचा. ‘८४ खनिजं’ ही जाहिरात खरी धरली तरी ती इतक्या सूक्ष्म प्रमाणात आहेत की त्यांचा फायदा मोजायला किलोने मीठ खावं लागेल. आत जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, त्यामुळे रक्तदाबाला ते साध्या मिठाइतकंच वाईट. ‘पचायला हलकं’ म्हणण्याजोगा कोणताही घटक त्यात वेगळा नाही. आयोडीन नगण्य. काही कंपन्या आता त्यात आयोडीन मिसळून विकतात, पण पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ असं स्पष्ट छापलेलं नसेल तर ते नाही असंच समजा.

उपवासाला शेंदेलोण वापरणाऱ्यांनी यातून घाबरायचं कारण नाही. निरोगी थायरॉइड ग्रंथीत १५ ते २० मिलिग्रॅमपर्यंत आयोडीन साठलेलं असतं, म्हणजे रोजच्या गरजेच्या सुमारे शंभर पट. आषाढी-कार्तिकीच्या साबुदाण्याच्या खिचडीने किंवा नवरात्राच्या नऊ दिवसांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते वर्षभर तेच वापरल्याने, त्यातही दूध-अंडी-मासळी बंद असताना. निकाल: सणाला ठेवा, रोजच्या आमटीला नको.

तिसरं खडा मीठ. उरण-पेणकडच्या मिठागरांचं, किंवा गोव्यात आगरवाड्याचं. मासे खारवायला, लोणच्याला, कैरीला याच्यासारखं दुसरं नाही, आणि चवीला जिभेवर जरा रेंगाळतं हेही खरं. पण ‘समुद्राचं म्हणजे आयोडीन भरपूर’ हा समज एका भागाकाराने मोडतो. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ५० ते ६० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं आणि क्षार सुमारे ३५ ग्रॅम. सगळंच्या सगळं आयोडीन मिठात उतरलं असं धरलं तरी ग्रॅमला दोन मायक्रोग्रॅमही येत नाही, आणि मिठाचे स्फटिक बसताना त्यातलंही बरंच उरलेल्या पाण्यात राहून जातं. समुद्रातलं आयोडीन मासळीत आणि शेवाळात साठतं, मिठात नाही.

थेट खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे (आधी १९९८ मध्ये आली होती, २००० मध्ये उठली). खारवणं, औषधं, कारखाने, जनावरं यांसाठी ते चालतं. आयोडीन फवारलेलं खडा मीठही पाकिटात मिळतं, पण खड्यांवर फवारा सारखा बसत नाही आणि धुऊन घ्यायच्या सवयीने होता तोही निघून जातो. माप बदलतं ते वेगळंच: बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा म्हणजे सुमारे ६ ग्रॅम, खड्यांचा त्याहून कमी, कारण मधे पोकळी राहते. पाककृतीत एकाच्या जागी दुसरं घातलं की चव चुकते ती यामुळे.

चौथं पादेलोण, म्हणजे काळं मीठ. ताकात, चाटमध्ये, गॅस झाला की चिमूटभर. उकडलेल्या अंड्यासारखा तो वास गंधकाच्या संयुगांचा. फॉडमॅप नाही, आयोडीन नाही. चिमटीपुरतं चालू द्या. मात्र दिवसातून चार वेळा जलजिरा पिणाऱ्याने ते मिठाच्या हिशेबात धरावं. लवणभास्कर चूर्णाचंही तसंच: नावातच लवण आहे, आणि ते एक नाही, अनेक.

पाचवं कमी सोडियमचं मीठ. १५ ते ३० टक्के सोडियम कमी करून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चव जरा कडसर, आयोडीन बहुतेक पाकिटांत असतं. रक्तदाब असलेल्या धडधाकट माणसाला चांगलं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, आणि रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढतं त्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. पोटाच्या रुग्णांना एक जादा इशारा: वारंवार जुलाब होऊन शरीर सुकलं की मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, आणि त्या दिवसांत मुळात सोडियमच भरून काढायचं असतं. लहान आतडं पोटावर बाहेर काढलेल्या रुग्णांना तर डॉक्टर मीठ वाढवायला सांगतात. त्यांच्या स्वयंपाकात हे पाकीट चुकूनही नको.

सहावं लोह आणि आयोडीन दोन्ही असलेलं. सीलिएकमध्ये रक्तक्षय नेहमीचाच, म्हणून हे घ्यावंसं वाटतं. ग्रॅमला जेमतेम एक मिलिग्रॅम लोह धरलं तर ५ ग्रॅममधून ५ मिलिग्रॅमच्या आसपास मिळेल. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळीची जागा ते घेऊ शकत नाही. काही पदार्थ काळपट पडतात. घेतलं तर हरकत नाही, आवर्जून शोधायचं कारणही नाही.

सातवा प्रकार सगळ्यात फसवा: चवीची मिठं. लसूण मीठ, पिझ्झावर भुरभुरवायचं, भेळेचं, फ्राइजवरचं ‘पेरी पेरी’. मिठाच्या नावाखाली इथे लसूण आणि कांद्याची पूड येते, आणि कमी फॉडमॅप आहारात हीच दोन नावं यादीत सगळ्यात वर असतात. दोन्हींत फ्रुक्टन, म्हणजे एका प्रकारचे फॉडमॅप, असतात, पूड केल्याने ते जात नाहीत, उलट थोड्या वजनात जास्त येतात. चिप्सचं पाकीट खाऊन पोट फुगलं की दोष बटाट्याला दिला जातो. ‘मसाले’ एवढंच छापलं असेल आणि कांदा-लसणाचा उल्लेख नसेल, तरी मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने आखलेल्या आहाराच्या कडक टप्प्यात ते बाजूला ठेवा. तो टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो, तेवढं जमतं.

लसणाची चव हवीच असेल तर आपल्या फोडणीतच सोय आहे. फ्रुक्टन पाण्यात विरघळतात, तेलात नाही. ठेचलेल्या पाकळ्या तेलात मंद आचेवर सोनेरी करा, सगळ्या काढून टाका, मगच मोहरी-जिरं घाला. वास तेलात राहतो, त्रास पाकळ्यांबरोबर जातो. ओलं काहीही घालण्याआधी पाकळ्या काढायला विसरू नका, नाहीतर फ्रुक्टन रश्शात उतरतात. असं तेल करून बरणीत भरून ठेवायचं नाही. बाहेर ठेवलेल्या लसूण-तेलात बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात, म्हणून लागेल तेवढंच ताजं करावं. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग.

हिंगाचंही पाहा. बाजारातला बांधानी हिंग शुद्ध नसतो, डिंक आणि पिठात बांधलेला असतो, आणि ते पीठ बहुतेकदा गव्हाचं किंवा मैद्याचं. आयबीएससाठी चिमूटभराने फरक पडत नाही, सीलिएकला मात्र पडतो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो घ्या. सीलिएकचा माणूस मीठ गुलाबी आहे का पांढरं याची चौकशी करतो आणि रोजच्या वरणातला मैदा नजरेआड होतो, हे चित्र नेहमीचं आहे.

मिठातून जे भागत नाही ते कुठून आणायचं? दूध झेपत नसेल तर लॅक्टोजमुक्त दूध घ्या. साखर तोडली तरी आयोडीन तिथेच असतं. बदामाच्या, सोयाच्या किंवा नारळाच्या दुधात, वरून घातलं नसेल तर, ते नसल्यासारखंच. अमेरिकी तक्त्यांत कपभर दुधात सुमारे ८५ मायक्रोग्रॅम आणि एका अंड्यात ३० च्या आसपास दिसतं. आपल्याकडे गोठा आणि पेंड यांनुसार आकडा हलतो, म्हणून त्यावर डोळे मिटून विसंबू नका. समुद्राची मासळी, कोळंबी हे फॉडमॅपच्या दृष्टीने मोकळं रान आहे, फक्त वाटणात कांदा-लसूण नको. गोड्या पाण्यातल्या मासळीत आयोडीन बरंच कमी.

ग्लुटेन सोडलेले बरेच जण बाजरीकडे वळतात. बाजरीतले काही घटक थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात, पण तो अडथळा मुख्यतः आयोडीन कमी असेल तेव्हा जाणवतो. म्हणून भाकरी सोडू नका, मीठ आयोडीनचं घ्या. ज्वारी-तांदूळ आलटून पालटून असू द्या.

आयोडीन कमी पडलं की थायरॉइड मंदावते आणि बद्धकोष्ठ होतं, आणि आयबीएसच्या रुग्णाला ते आपल्या जुन्या दुखण्याचंच वाटतं. थकवा, थंडी सोसेनाशी होणं, गळ्याशी फुगवटा यांची सोबत असेल तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. लघवीतलं आयोडीन एकदाच तपासून एका माणसाबद्दल फारसं कळत नाही. ते रोज वर-खाली होतं आणि ती चाचणी मुळात लोकसमूहांसाठी आहे.

भरपाईसाठी समुद्री शेवाळाच्या म्हणजे केल्पच्या गोळ्या ऑनलाइन मिळतात. त्या नकोत. शेवाळात आयोडीन इतकं कमी-जास्त असतं की काही जातींच्या एका ग्रॅममध्येच दोन हजार मायक्रोग्रॅमच्या वर जातं, तर प्रौढांची वरची मर्यादा युरोपात ६०० आणि अमेरिकेत ११०० आहे. हाशिमोटो (शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइडवरच उलटते तो विकार) असलेल्याला जादा आयोडीन त्रासदायक ठरतं, आणि हाशिमोटो सीलिएकच्या जोडीने बऱ्याचदा येतो. सीलिएकचा खाजरा पुरळ, म्हणजे डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस, असेल तर आयोडीनने तो भडकू शकतो. अशा रुग्णाने मीठ कोणतं घ्यावं हे त्वचेच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं, या लेखावरून नाही. गरोदरपणात दूध-मासळी बंद असेल तर ठरावीक मात्रेची पोटॅशियम आयोडाइडची गोळी डॉक्टर देतात.

बरणीतल्या मिठात आयोडीन आहे का हे पाहायला एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, सांगितलेली बटाट्याची चाचणी घरी होते. बटाटा कापा, कापलेल्या बाजूवर मीठ पसरा, मिनिटभर थांबा, लिंबाचे दोन थेंब टाका. निळसर-जांभळा रंग आला तर आयोडीन आहे. दोन थेंब म्हणजे दोनच. लिंबातलं क जीवनसत्त्व आधी आयोडेटमधून आयोडीन मोकळं करतं, आणि जास्त झालं की त्याच आयोडीनचा रंग घालवतं. लिंबू पिळून ‘कंपनीने फसवलं’ म्हणणारे इथे चुकतात. रंगाच्या गडदपणावरून पीपीएम ओळखता येत नाही. चाचणी हो किंवा नाही एवढंच सांगते.

परदेशातल्या मराठी घरांसाठी दोन ओळी जास्त. अमेरिकेत आयोडीन मिसळणं ऐच्छिक आहे. आयोडाइज्ड लिहिलेल्या टेबल सॉल्टमध्ये ग्रॅमला सुमारे ४५ मायक्रोग्रॅम मिळतं, कोशर आणि सी सॉल्टमध्ये सहसा नाही. तिथल्या आयोडीनयुक्त मिठात आयोडाइड टिकवायला डेक्स्ट्रोज घालतात, आणि ‘मिठात साखर’ वाचून पथ्याची माणसं दचकतात. प्रमाण ०.०४ टक्के. ५ ग्रॅम मिठात २ मिलिग्रॅम, आणि डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज, फॉडमॅप नव्हे. ब्रिटनमध्ये साधं मीठ बहुतांशी बिनआयोडीनचंच असतं. तिथे भारतीय किराणा दुकानातलं आपल्याकडचं पाकीट घेणं सोपं पडतं, फक्त मागची तारीख पाहून.